काहीच न बघता परत आलेल्यांच्या बाजूने

‘मग, काय काय पाहिलंत?’ मालदीवहून परतलेल्या जोडप्याला हा प्रश्न सोसायटीच्या लिफ्टमध्येच गाठतो, आणि त्याला खरं उत्तर देण्याची सोय नसते. ‘काही नाही, पडून होतो’ असं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर हिशोब सुरू होतो. विमानाचे इतके, स्पीडबोटीचे इतके, रात्रीचे इतके, आणि पडून राहिलात? घरी गादी नव्हती? मग ठरलेली वाक्यं येतात. एवढ्या पैशांत कोकणात महिनाभर राहिला असतात. समुद्र काय, सगळीकडे सारखाच. आणि २०२४पासून त्यात देशप्रेमाची फोडणी पडली आहे: आपलं लक्षद्वीप सोडून परक्यांच्या बेटावर कशाला? जोडपी यावर काही बोलत नाहीत. ओशाळं हसतात आणि ‘हो ना, पुढच्या वेळी कोकणच’ म्हणून मोकळी होतात. आपण काहीतरी लपवण्याजोगं केलं आहे, असं त्यांना वाटायला लावलेलं असतं. म्हणून त्यांच्या वतीने हे उत्तर मी देते.

समुद्र सगळीकडे सारखाच असतो, या वाक्यापासून सुरुवात करू, कारण ते सरळसरळ खोटं आहे. कोकणच्या समुद्रात सह्याद्री रोज थोडा थोडा विरघळत असतो. सावित्री, वाशिष्ठी, कर्ली, तेरेखोल या नद्या पावसाळ्यात डोंगराची माती खाडीत आणून ओततात. पाणी गढूळ होतं, आणि त्याच गढूळपणावर आपले बांगडे, बोंबील, कोळंबी पोसली जातात. मालदीवला एकही नदी नाही. सुमारे १,२०० बेटं, आणि त्यांतली बरीचशी इतकी चिमुकली की जेवणानंतरच्या शतपावलीत सगळं बेट फिरून होतं. ही बेटं प्रवाळाची. ती कशी झाली असावीत, याचा विचार चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडला: समुद्रातला ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेकडेने प्रवाळ वर वाढत राहतं, शेवटी डोंगर बुडतो आणि प्रवाळाचं कडं तेवढं उरतं. त्या कड्यावर बाहेरच्या लाटा फुटतात आणि आत उरतं ते उथळ, शांत, तळ दिसणारं पाणी. पोहता न येणारी, आयुष्यभर गणपतीपुळ्याला साडी गुडघ्यापर्यंत धरून उभी राहिलेली पन्नाशीची बाई तिथे कमरेएवढ्या पाण्यात तोंडाला मुखवटा लावून वाकते आणि खाली एक अख्खं गाव चाललेलं तिला दिसतं. शार्कची पिल्लं तर घोट्याएवढ्या पाण्यात फिरतात. २०१०पासून देशाच्या सगळ्या समुद्रात शार्कच्या मासेमारीला बंदी आहे, म्हणून ती दिसतात. पांढरी वाळू हाही त्या प्रवाळाचाच चुरा. त्यातला बराचसा पोपटमाशाच्या पोटातून आलेला असतो, कारण हा मासा प्रवाळ कुरतडतो आणि मागून बारीक वाळू टाकतो. हनीमूनचे फोटो जिच्यावर लोळून काढतात, ती वाळू म्हणजे पुष्कळशी माशाची शी आहे, हे रिसॉर्टच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

आणि परकेपणाचंच म्हणाल, तर भूगर्भशास्त्र वेगळं सांगतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त स्रोताने दख्खनचा काळा कातळ ओतला, त्याच्यावरून भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेली आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी रांग उमटत गेली. तो स्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे. रायगडाचा कडा आणि मालदीवचा बुडालेला पाया हे एकाच भट्टीतले. पण ही सोयरीक सांगून कोणाचं मन वळणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

आता कोकण. मी कोकणावर प्रेम करते, त्यामुळे हे स्पष्ट बोलण्याचा हक्क मला आहे असं समजते. महिनाभर राहण्याचा हिशोब कागदावर बरोबरच आहे. फक्त नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोंना महिनाभराची रजा कोण देतो, ते हिशोब करणारे सांगत नाहीत. चार दिवसांची रजा मिळते. मुंबईहून मालेला विमान तीन तासांच्या आत पोचतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या रस्त्याने मालवणला किती तासांत पोचाल, हे मी लिहीत नाही, कारण ते खड्ड्यांवर अवलंबून आहे.

पोचल्यावर काय मिळतं? समुद्र मिळतो, उत्तम जेवण मिळतं, माया मिळते. अडचण नेमकी मायेची आहे. कोकणातलं घरगुती निवासस्थान म्हणजे दुसरं सासरच असतं. काकू सकाळी सातला दारावर टकटक करतात: चहा झालाय, गार होईल. जेवायला किती वाजता बसताय? दीडच्या पुढे नको हं, मग बायका थांबत नाहीत. आडनाव काय म्हणालात? म्हणजे मूळचे कुठले? आणि मुलांना नाही आणलंत? हा शेवटचा प्रश्न तर जेवण वाढता वाढता, सोलकढीची वाटी हातात असताना येतो. त्यात वाईट हेतू अजिबात नसतो. पण ज्या जोडप्याला चार दिवस कोणाचं कोणीही व्हायचं नाही, सून, जावई, आई, वहिनी, साहेब, मॅडम यांतलं काहीच नको आहे, त्याला या मायेतून सुटका नाही.

समुद्रावर गेलात तर तिथे वेगळीच जत्रा. वाळूत रुतलेली गाडी, ती ओढायला आलेली दुसरी गाडी, घोडागाडी, बनाना बोट, स्पीकर, आणि दारूच्या बाटल्या घेऊन आलेला दहा जणांचा पुरुषांचा जथा. पाण्यात उतरलेल्या बाईकडे ते कसे बघतात, हे ज्या बाया उतरल्या आहेत त्यांना सांगावं लागत नाही. आपल्याकडे बायका समुद्रात सलवार-कुडत्यानिशी उतरतात, याला संस्कृती म्हणणाऱ्यांनी एकदा त्या बायांना विचारावं की ही संस्कृती आहे की सावधगिरी.

आणि जोडप्याचं लग्न झालेलं नसेल, तर प्रकरण पोलिसांपर्यंतही जातं. ऑगस्ट २०१५मध्ये मुंबईत मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी धाडी घातल्या आणि सुमारे चाळीस जोडप्यांना उचललं. सज्ञान माणसं, पैसे भरून घेतलेल्या बंद खोल्यांमध्ये. कलम कोणतं लावलं? पोलीस कायद्यातलं ११०वं, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. हॉटेलची बंद खोली हे सार्वजनिक ठिकाण कसं झालं, यावर तेव्हा देशभर हसू झालं. पण त्या जोडप्यांना हसू आलं नसणार. लग्न न झालेल्या दोन सज्ञान माणसांना खोली देऊ नये असा कायदा या देशात नाही. तरीही आधार कार्डावर त्याच शहराचा पत्ता दिसला की खोली नाकारणारी हॉटेलं आजही आहेत. लग्न झालेल्या बाईने माहेरचं आडनाव ठेवलं असेल तर तिच्याही बाबतीत काउंटरवरचा माणूस एकदा वर बघतोच.

माझा मूळ मुद्दा इथे येतो. आपल्या समाजाला जोडप्याचं एकत्र असणं मान्य आहे, पण ते देवासाठी. सत्यनारायणाला जोडीने बसायचं. लग्न झालं की जेजुरीला जायचं आणि नवऱ्याने बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या, हे तर सगळ्या गावादेखत, टाळ्यांच्या गजरात. कुलदैवताचं दर्शन, सासरचं, माहेरचं, मग मामांकडे, मग आत्यांकडे. हे झाल्यावर उरलेल्या दिवसांत महाबळेश्वर, आणि तिथेही आईला रोज रात्री फोन. निव्वळ एकमेकांसाठी, कोणतंही पुण्य, कोणतंही प्रेक्षणीय स्थळ, कोणतंही नातं मध्ये न आणता दोघांनी चार दिवस काढणं, ही गोष्ट आपल्याला अजून बेजबाबदारपणाची वाटते. मुंबईच्या एका खोलीच्या संसारांत पिढ्यानपिढ्या ही गोष्ट शक्यच नव्हती. म्हणून तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आणि वांद्र्याच्या बँडस्टँडवर जोडपी शहराकडे पाठ करून बसतात. त्यांना समुद्र बघायचा असतो, हे अर्धंच खरं. शहराने आपल्याकडे बघू नये, हे उरलेलं अर्धं.

मालदीवने हीच गोष्ट ओळखून विकायला काढली. १९७२ साली मालेजवळच्या एका बेटावर पहिलं रिसॉर्ट उघडलं, तेव्हापासून या देशाने एक बेट, एक रिसॉर्ट अशी पद्धत धरली. बेटावर गाव नाही, बाजार नाही, देऊळ नाही, ओळखीचं कोणी भेटण्याची शक्यता नाही. पुष्कळ रिसॉर्ट तर आपलं घड्याळही मालेच्या एक तास पुढे लावतात, म्हणजे संध्याकाळचा उजेड तासभर जास्त वाटावा. हे सगळं कृत्रिम आहे? आहेच. ज्यांना खरा मालदीव बघायचा आहे त्यांच्यासाठी माले आहे, गजबजलेलं, दाटीवाटीचं, स्कूटरींनी भरलेलं शहर. आणि गावांच्या बेटांवरची गेस्ट हाउसं आहेत. २००९-१०च्या सुमारास सरकारने तशी परवानगी दिली आणि माफुशीसारख्या गावांत ती निघाली. रिसॉर्टच्या मानाने खूपच स्वस्त पडतात. तिथे दारू नाही, आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा तुकडा राखलेला असतो. मला स्वतःला ती जास्त आवडतात. पण ज्या जोडप्याने रिसॉर्ट निवडलं, त्याला ‘खऱ्या’ देशाची ओढ नव्हती म्हणून त्याने गुन्हा केला, हे मी मान्य करणार नाही. खरं जग त्यांना रोज सकाळी ८.११च्या लोकलमध्ये भेटतं.

‘काहीच केलं नाही’ या आरोपातला अन्याय सर्वांत जास्त बाईवर होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेची पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बाया तेव्हा त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. हीच कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि हा नुसता हातांचा वेळ झाला. ‘उद्या डब्याला काय’ हा विचार डोक्यात चालतो त्याची मिनिटं कोणी मोजत नाही. आता आपल्या नेहमीच्या सहली आठवा. चारचाकीत चिवड्याचे डबे बाईने भरले. गटाच्या सहलीत सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. तिथेही नवऱ्याचा मफलर कुठे आहे हे तिलाच ठाऊक. अलीकडे कोकणात बंगला भाड्याने घेण्याची पद्धत आली आहे, त्यात तर मासे बाजारातून आणून शिजवण्याचा ‘आनंद’ही पॅकेजमध्येच. या बाईला सकाळी उठल्यावर कोणी काहीही विचारत नाही, भाजी काय, पोळ्या किती, गॅस आलाय का, असे चार दिवस तुम्ही कोणत्या पैशांत मोजणार? तिने तिथे काही पाहिलं नाही, हे खरं. तिला कोणी कामासाठी पाहिलं नाही, हे त्याहून महत्त्वाचं.

इथे नवरेमंडळींनी उगाच खूश होऊ नये. त्या चार दिवसांनी घरातली २९९ मिनिटं कमी होत नाहीत. परत आल्यावर कपडे धुवायला तीच लावते.

देशप्रेमाच्या मुद्द्याला मी खरं तर एका परिच्छेदात आटपणार होते. पण तो इतक्या आत्मविश्वासाने मांडला जातो की थोडं थांबावं लागतं. जानेवारी २०२४च्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली, मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर अश्लाघ्य शेरे मारले, त्यांना तिथल्या सरकारने निलंबित केलं, आणि आपल्याकडे बहिष्काराची लाट आली. २०२३मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय मालदीवला गेले होते, सर्व देशांत सर्वांत जास्त. २०२४मध्ये हा आकडा सुमारे एक लाख तीस हजारांवर आला. ज्यांनी तिकिटं रद्द केली त्यांचा राग खरा होता, त्यावर मी बोलणार नाही. पण ‘त्याऐवजी लक्षद्वीपला जा’ म्हणणाऱ्यांनी नकाशा उघडला होता का? लक्षद्वीपचं सगळं मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. वस्तीची बेटं दहा. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३. अगत्तीच्या धावपट्टीवर छोटीच विमानं उतरतात, आणि जायला परवाना लागतो. गोडं पाणी म्हणजे वाळूखाली साठलेला पावसाच्या पाण्याचा पातळ थर. वर्षाला दोन लाख जोडीदार त्या बेटांवर उतरवायचे, तर ते प्यायला काय आणतील? तिथल्या लोकांनी २०२१मध्ये विकास प्राधिकरणाच्या मसुद्याविरुद्ध आंदोलन केलं ते जमिनीच्या काळजीपोटीच. त्यांना न विचारता त्यांचं अंगण आपल्या हनीमूनला देऊन टाकणारे आपण कोण? आणि दारूबंदी आहे हे तर बहिष्कार घालणाऱ्यांतल्या पुष्कळांना कोचीला पोचल्यावर कळलं असतं. बंगारामचा अपवाद सोडला तर लक्षद्वीप कोरडं आहे.

पुढे काय झालं, तेही सांगून टाकते. २६ जुलै २०२५ला मालदीवच्या स्वातंत्र्याला साठ वर्षं झाली, त्या सोहळ्याला मुख्य पाहुणे म्हणून आपलेच पंतप्रधान होते. राजकारणी माणसं भांडतात आणि जुळवून घेतात. तो त्यांचा व्यवसाय. त्यांच्या भांडणाची किंमत एखाद्या लिपिकाने आपल्या बायकोच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या बेतातून का भरावी?

आता जिथे विरोधकांना काही म्हणायला जागा आहे, तिथे ते काहीच म्हणत नाहीत, याचं मला नवल वाटतं. मालदीवच्या बहुतेक जमिनीची उंची समुद्रापासून जेमतेम एक-दीड मीटर. ऑक्टोबर २००९मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली, ती जगाला हेच दाखवायला. १९९८ आणि २०१६च्या उष्ण पाण्याने तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. रिसॉर्टचं गोडं पाणी यंत्राने समुद्राचं खारेपण काढून बनतं, ते यंत्र आणि खोलीतला वातानुकूलक बहुतांशी डिझेलवर चालतात, आणि कचऱ्याचा मोठा भाग मालेजवळच्या थिलाफुशी नावाच्या बेटावर जातो, जे मुळात कचऱ्याच्या भरावावरच वाढलं. दूरच्या रिसॉर्टला नेणारं समुद्री विमान त्यात आणखी इंधनाची भर घालतं. हे आक्षेप खरे आहेत, आणि मला त्यांना पूर्ण उत्तर नाही. स्पीडबोटीच्या अंतरावरचं बेट निवडा, रोज टॉवेल बदलू नका, प्रवाळावर उभे राहू नका, एवढं सांगता येतं. त्याने पाप फिटत नाही. पण मग हेच आक्षेप स्वित्झर्लंडच्या बर्फात सात दिवसांत पाच शहरं करून येणाऱ्या नातेवाइकांनाही विचारा. त्यांना आपण विचारत नाही, कारण त्यांनी पुष्कळ काही ‘पाहिलेलं’ असतं. आपल्या हिशोबात इंधन जाळून पळालं तर चालतं, बसून राहिलं की खटकतं.

पैशांबद्दल एक गोष्ट मात्र मी जोडप्यांनाच सुनावीन. रिसॉर्टच्या जाहिरातीत दिसणारा आकडा हा आकडा नसतो. त्यावर पर्यटन कर १७ टक्के, सेवाशुल्क साधारण १० टक्के, माणशी रात्रीला १२ डॉलर हरित कर, आणि बोटीचं किंवा समुद्री विमानाचं भाडं बहुतेकदा वेगळं. जेवण धरून दर घेतला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटलीचं बिल बघून प्रेम कमी होतं. मे महिन्याच्या सुट्टीत स्वस्त मिळालं म्हणून हरखू नका. आपल्याकडे येणारा मोसमी पाऊस आधी त्यांच्याकडे जातो. आणि ते तरंगत्या ताटातलं न्याहारीचं खूळ एकदाचं सोडा. पाण्यात डुचमळणाऱ्या ताटातला चहा मी पाहिला आहे. तो पिण्यासाठी नसतोच, फोटोसाठी असतो, आणि ‘ही माणसं फक्त फोटोसाठी जातात’ या टोमण्याला तुम्हीच असं कोलीत देता.

राहता राहिले कोकणातले आमचे यजमान. ही जोडपी परत तुमच्याकडे यावीत असं वाटत असेल, तर मालदीवला नावं ठेवून ती येणार नाहीत. किनाऱ्यावरच्या गाड्या बाहेर काढा. बाईला कपडे बदलता येतील अशी एक स्वच्छ खोली आणि पाण्याकडे लक्ष ठेवणारा एक जीवरक्षक, एवढं ग्रामपंचायतीकडे मागा. ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी उतरवा. दोन माणसंसुद्धा फॅमिली असतात, आणि नसली तरी खोलीचं भाडं तेवढंच देतात. ओळखपत्र बघा, ते कायद्याने बघायलाच हवं, पण एकमेकांचे कोण हे विचारू नका. आणि काकू, उद्याचं जेवण दीडला न ठेवता आम्ही उठू तेव्हा ठेवाल का? मालदीवमध्ये न्याहारीला टूना, दुपारी टूना, रात्री पुन्हा टूनाच. तुमच्या बांगड्याच्या तिखल्याची सर त्याला येत नाही, हे मी त्यांच्या बेटावर बसूनही म्हटलं होतं.